ट्रकाचा गिअर पडत नाहीं : दोष कोठें शोधावा?

ट्रक हें वाहन आतां शेतीच्या अवजारांतच मोडूं लागलें आहे. ऊंस कारखान्यावर न्यावयाचा, कांदा वाशीच्या बाजारांत पोहोंचवावयाचा, पेंड किंवा खत आणावयाचें, तर ट्रकावांचून चालत नाहीं. आणि या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं भाऊबंदांच्या भागीनें स्वतःचे ट्रकही घेतले आहेत. बैल लंगडूं लागला तर आपण आधीं त्याचा खूर उचलून पाहतों. कांटा रुतला आहे, पत्री सैल झाली आहे, कीं सांध्यांतच दुखणें आहे, हें ठरविल्यावांचून कोणी शहाणा शेतकरी त्यास डाग देत नाहीं. ट्रकाचा गिअर अडूं लागला म्हणजे मात्र हा विवेक आपण विसरतों. एक तर चालकाचा हात वाईट ठरवितों, नाहीं तर गिअरबॉक्स उतरवावयास सांगतों. प्रस्तुत लेखकानें या दोन्ही चुका एकाच हंगामांत केल्या आहेत. त्यांची किंमत द्यावी लागली, म्हणून हा लेख.

घडलेली हकीकत

आम्हां चुलत भावांचा मिळून एक दहा चाकी ट्रक आहे. जुन्नर तालुक्यांतील कांदा घेऊन तो माळशेज घाट उतरून कल्याणवरून वाशीस जातो. तीन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या अखेरीस, चाळींतला कांदा बाहेर काढण्याच्या दिवसांत, आमचा चालक मला म्हणाला, "दादा, सकाळीं टाकींत हवा भरेपर्यंत गिअर पडत नाहीं. घाटांत दहापांच वळणें घेतलीं कीं पुन्हां तोच प्रकार. क्लचही जड होतो." तो गांवचाच, सरळ मनुष्य. पण मीं त्याचें बोलणें कानांआड केलें. "हात जड झाला असेल तुझा," इतकेंच उत्तर मीं दिलें.

पुढच्याच आठवड्यांत भरल्या ट्रकानिशीं घाट उतरतांना तो खालचा गिअर टाकावयास गेला. वरचा गिअर निघाला, खालचा पडेना, आणि ट्रक मोकळाच उताराला लागला. त्यानें ब्रेक दाबून, डोंगराच्या बाजूच्या चरांत चाकें घालून गाडी थांबविली. मनुष्यहानि झाली नाहीं. ज्यानें ट्रक वांचविला त्यासच मीं दोष दिला आणि त्याचा हिशोब करून त्यास मोकळें केलें. ट्रक एका मोठ्या दुरुस्तीखान्यांत नेला. तेथें गिअरबॉक्स उतरविला, आंतील रिंगा बदलल्या आणि अकरा दिवसांनीं गाडी परत दिली. तोंवर गोण्यांत भरलेल्या कांद्यास मोड आले व तो मिळेल त्या भावास द्यावा लागला. नवा चालक आला आणि तिसऱ्या खेपेस त्याच घाटांत तीच तक्रार घेऊन परतला.

मग आळेफाट्यानजीक छपरीखालीं काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलों. पान्यास हात लावण्यापूर्वीं त्यानें विचारलें, "पहिला ड्रायव्हर काय सांगत होता?" मीं तें सांगतांच त्यानें इंजिन चालू करून टाकी भरून घेतली, मग इंजिन बंद करून गाडीखालीं कान लावला. क्लचच्या बूस्टरवर साबणाचें पाणी सोडलें, तों बुडबुडे येऊं लागले. बूस्टरमधील झडप व रबरें झिजून हवा रात्रंदिवस निसटत होती. दुपारपर्यंत काम झालें. गिअरबॉक्स उघडण्याचें कारणच नव्हतें.

गिअर अडतो म्हणजे काय होतें?

दोष शोधावयाचा तर आंतील व्यवस्था थोडीशी समजली पाहिजे. आजच्या बहुतेक ट्रकांत पुढें जाण्याच्या गिअरांचीं दंतचक्रें एकमेकांत सदैव गुंतलेलींच असतात. आपण दांडा हलवितों तेव्हां त्यांपैकीं एक चक्र शाफ्टाशीं जोडलें जातें एवढेंच. जोडावयाचे दोन भाग निरनिराळ्या वेगानें फिरत असले तर त्यांचे दांत एकमेकांवर घासून कडकडाट होतो. दोन्ही समान वेगावर आले कीं आवाज न होतां गिअर पडतो.

हा वेग समान करण्याचें काम पूर्वीं चालकाच्या पायाकडे होतें. क्लच दाबून गिअर काढावयाचा, क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवावयाचा, पुन्हां क्लच दाबून दुसरा गिअर टाकावयाचा. यास दुहेरी क्लच म्हणत. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेश नांवाची युक्ति आली आणि पुढें ती ट्रकांतही शिरली. हींत शंकूच्या आकाराची एक रिंग गिअरच्या चक्रावर दाबली जाते व घर्षणानें त्याचा वेग जुळविते.

ही रिंग लहान आहे. क्लच पुरता सुटला असेल तरच ती आपलें काम करूं शकते. क्लच अर्धवट धरून राहिला तर इंजिन आंतील चक्रास ढकलीत राहतें, आणि त्या सगळ्या जोराविरुद्ध बिचारी रिंग झगडते. गिअर अडतो, कडकडतो, आणि कालांतरानें रिंगही झिजते. पुढें गिअरबॉक्स उघडला तर झिजलेली रिंग दिसतेच. मिस्त्री म्हणतो, पाहा, दोष सांपडला. झिजलेली रिंग हा परिणाम असतो, कारण क्लचमध्यें तसेंच राहतें. आमच्या ट्रकाचें नेमकें असेंच झालें.

पारख कोणत्या क्रमानें करावी?

पहिली पारख चालकाच्या जबाबाची. त्यास पुढील गोष्टी शांतपणें विचाराव्या. सर्वच गिअर अडतात कीं एकच? गाडी उभी असतां अडतात कीं धांवतांना? सकाळीं थंड असतां कीं तापल्यावर? चढतांना कीं उतरतांना? त्या वेळीं हवेचा कांटा कोठें होता? एकच गिअर कडकडत असेल आणि बाकीचे नीट पडत असतील तर दोष बहुधा त्या गिअरच्या रिंगेंत किंवा फोर्कांत असतो. सर्वच अडत असतील तर संशय प्रथम क्लचवर, मग दांड्याच्या जोडणीवर, मग तेलावर घ्यावा. थंडींत अडून दोनचार मैलांनंतर सुटत असतील तर तेल फार दाट आहे. तापल्यावर अडूं लागत असतील तर क्लचच्या तेलांत हवा किंवा पाणी शिरलें आहे काय हें पाहावें.

दुसरी पारख इंजिन बंद ठेवून. गाडी सपाट जागीं उभी करावी, चाकांस मागेंपुढें लांकडी गुटके लावावे, आणि क्लच दाबून सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहावे. एखादे वेळीं दांतासमोर दांत येऊन गिअर थांबतो; तेव्हां क्लच सोडून पुन्हां दाबावा व परत यत्न करावा. बंद इंजिनावर सर्व गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू होतांच अडतात, तर क्लच पुरता सुटत नाहीं असें समजावें. बंद इंजिनावरही दांडा जड जात असेल तर दोष जोडणींत किंवा गिअरबॉक्सच्या आंत आहे. एवढ्या एका परीक्षेनें अर्धा निकाल लागतो, आणि तिला एक पैसाही पडत नाहीं.

तिसरी पारख मागच्या गिअरची. बहुतेक ट्रकांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते, म्हणून हा गिअर क्लचचा खरा साक्षीदार होय. गाडीपुढें किंवा मागें कोणी उभें नाहीं याची खात्री करावी. इंजिन मंद चालूं द्यावें, क्लच तळापर्यंत दाबून मनांत दहा आंकडे मोजावे, आणि मग रिव्हर्स टाकावा. आंतील शाफ्ट इतक्या वेळांत थांबावयास पाहिजे. तरीही कडकडाट झाला तर क्लच ओढतो आहे. गिअर पडल्यावर, क्लच दाबलेलाच असतां, गाडी हळूंहळूं सरकूं लागली तर दुसरा पुरावा नको.

चौथी पारख हवेची व पेडलाची. अवजड ट्रकांत क्लच दाबण्यास हवेचा बूस्टर मदत करतो. हवा कमी असेल तर पेडल जड होतें, पाय तळापर्यंत जात नाहीं, आणि क्लच अर्धाच सुटतो. म्हणून सकाळीं हवेचा कांटा योग्य जागीं आल्यावांचून गाडी हलवूं नये. संध्याकाळीं इंजिन बंद करतांना कांटा कोठें होता व सकाळीं कोठें आहे हें लिहून ठेवावें. एका रात्रींत टाकी रिकामी होत असेल तर हवा कोठेंतरी निसटते आहे. साबणाच्या पाण्यानें बूस्टर, नळ्या व जोड तपासावे. हीच हवा ब्रेकांसही लागते, हें ध्यानांत ठेवून या कामास विलंब लावूं नये.

पेडलाच्या वरच्या टोंकाशीं थोडी मोकळी जागा असते, तिला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. ती फार वाढली तर क्लच सुटत नाहीं, आणि मुळींच उरली नाहीं तर प्लेट घसरते व बेअरिंग झिजतें. ती किती असावी हें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. पेडल स्पंजासारखें मऊ लागत असेल आणि दोनतीनदां दाबल्यावर गिअर नीट पडत असेल, तर क्लचच्या तेलांत हवा शिरली आहे. ती काढून टाकावी. डबींतील तेल वारंवार कमी होत असेल तर मास्टर सिलिंडराचें किंवा बूस्टराचें रबर गेलें आहे.

पांचवी पारख दांड्याच्या जोडणीची. चालकाच्या हातांतील दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळया, बुश व गोळ्यांचे सांधे असतात. कित्येक गाड्यांत केबली असतात. इंजिन बंद असतां एकानें दांडा हलवावा व दुसऱ्यानें गिअरबॉक्सवरील शाफ्ट पाहावा. वरचा दांडा वीतभर हालतो आणि खालचा शाफ्ट जेमतेम सरकतो, तर बुश झिजले आहेत किंवा बोल्ट सैल आहे. सळई सोडवून गिअरबॉक्सवरील शाफ्ट हातानें फिरवावा. तो सहज चालला तर गिअरबॉक्स निर्दोष, जोडणी दोषी. शंभर दोनशें रुपयांच्या बुशासाठीं गिअरबॉक्स उतरविल्याचीं उदाहरणें रस्त्यावरच्या कोणत्याही मिस्त्रीस विचारावीं.

सहावी पारख तेलाची. गाडी सपाटीवर उभी करून, थोडा वेळ जाऊं देऊन, बाजूचा बूच काढावा. तेल त्या भोकाच्या कडेपर्यंत असलें पाहिजे. कमी तेलानें दांत व बेअरिंगें जळतात. जास्त तेल फेंसाळतें, तापतें व सीलांतून बाहेर पडून क्लचच्या प्लेटीस लागतें. खालच्या बुचाच्या लोहचुंबकावर बारीक राखाडी गाळ असणें स्वाभाविक आहे. लोखंडाच्या कपच्या किंवा दांतांचे तुकडे निघाले तर मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागेल. तेलांत पितळेसारखी चमक दिसली तर रिंगा झिजत आहेत. तेल दुधासारखें झालें असेल तर ओढ्यांतून किंवा पुरांतून जातांना आंत पाणी शिरलें आहे.

तेल बदलतांना दुकानदार देईल तें घेऊं नये. मागच्या अॅक्सलसाठीं असलेलें जी.एल. ५ जातीचें तेल अधिक तीव्र द्रव्यांचें असतें, आणि त्यांपैकीं कांहीं तेलें पितळी रिंगांस अपाय करतात. जी.एल. ४ सांगितलें असेल तर तेंच घालावें. पातळ कीं दाट, हेंही गाडीच्या पुस्तकावरूनच ठरवावें.

हंगामानंतर उभा राहिलेला ट्रक

ऊंसवाहतुकीच्या ट्रकांविषयीं एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. गाळप संपलें कीं कित्येक ट्रक पावसाळाभर खळ्यांत किंवा झाडाखालीं उभे राहतात. दमटपणामुळें क्लचची प्लेट फ्लायव्हीलला गंजानें चिकटते, किंवा प्लेटीचा मधला हब शाफ्टावर गंजून सरकेनासा होतो. दसऱ्यास ट्रक चालू करावा तर एकही गिअर पडत नाहीं, आणि मालक घाबरून गिअरबॉक्सकडे धांवतो. यास उपाय प्रतिबंधाचाच बरा. उभा ट्रक पंधरा दिवसांतून एकदां चालू करावा, हवा भरूं द्यावी, आणि क्लच पांचदहा वेळां दाबून गाडी जागच्या जागीं मागेंपुढें करावी. फ्लायव्हीलच्या मध्यभागीं एक लहान बेअरिंग असतें, तें जाम झाल्यासही क्लच सुटूनही शाफ्ट फिरत राहतो व गिअर अडतात. प्लेट बदलण्यासाठीं गिअरबॉक्स खालीं आलाच असेल तर हें बेअरिंग व रिलीज बेअरिंग त्याच वेळीं पाहून घ्यावें.

गिअर सुटणें : हा दोष अधिक भयंकर

गिअर पडत नाहीं त्यापेक्षां पडलेला गिअर आपोआप सुटतो, हें अधिक धोक्याचें. उतारावर भरलेला ट्रक खालच्या गिअरांत इंजिनाच्या आवरानें उतरला पाहिजे. गिअर सुटला कीं सारा भार ब्रेकांवर येतो, ते तापतात, आणि तापलेल्या ब्रेकांची पकड जाते. या दोषाचीं कारणें अनेक आहेत. जोडणी बरोबर नसल्यानें गिअर पुरता न बसणें, आंतील दांतांचीं टोंकें झिजून निमुळतीं होणें, फोर्क झिजणें किंवा वांकणें, अडणीची स्प्रिंग कमजोर होणें, तसेंच इंजिन अथवा गिअरबॉक्स धरणारे रबरी माउंटिंग तुटणें, हीं त्यांपैकीं प्रमुख होत. येथेंही बाहेरचीं कारणें आधीं पाहावीं, म्हणजे माउंटिंग व जोडणी. परंतु पाहून होईपर्यंत तो ट्रक घाटांत पाठवूं नये. एका खेपेच्या भाड्यासाठीं मनुष्याचा जीव टांगणीस लावणें योग्य नव्हे.

हवेनें चालणारे गिअर

मोठ्या ट्रेलरांत व टिपरांत गिअरांच्या दोन पंगती असतात, खालची व वरची, आणि एका पंगतींतून दुसरींत जाण्याचें काम हवा करते. दांडा नीट चालतो, पण पंगत बदलत नाहीं, अशी तक्रार असेल तर गिअरबॉक्सऐवजीं हवेची नळी, गाळणी व दांड्यावरील लहान झडप पाहावी. अमेरिकेंतील लांब पल्ल्याच्या ट्रकांत अद्यापि सिंक्रो नसलेले गिअरबॉक्स आढळतात. त्यांत क्लचचें पेडल अगदीं तळाशीं गेलें कीं आंतील शाफ्टास एक लहान ब्रेक लागतो, आणि तो केवळ उभ्या गाडींत वापरावयाचा असतो. आपल्याकडील नव्या गाड्यांत गिअर आपोआप बदलण्याची सोय आली आहे. तेथें दोषाचा आंकडा पडद्यावर उमटतो, तो लिहून घ्यावा. पण हवा कमी पडली तर ती शहाणी यंत्रणाही अडून बसते, हें विसरूं नये.

चालकाचे व मालकाचे दोष

चालकानें क्लचवर पाय ठेवून गाडी हांकूं नये, त्यानें बेअरिंग झिजतें. दांड्यावर हाताचें ओझें टाकूं नये, त्यानें फोर्क झिजतो. डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडूं नये. हे दोष आपण चालकास नेहमींच ऐकवितों. मालकाचे दोष ऐकविणारा कोणी नसतो, म्हणून ते येथें लिहितों. तेल वेळेवर न बदलणें, क्लचची तक्रार भाडें संपेपर्यंत लांबविणें, दुरुस्तीखान्यांत चालकास बरोबर न नेणें, जुने सुटे भाग परत न मागणें, आणि गाडी घेतांना सपाटीवर नुसती फिरवून समाधान मानणें. ज्या स्थितींत तक्रार होती त्याच स्थितींत, म्हणजे भार घालून व चढउतारावर, गाडी पाहिल्यावांचून दुरुस्ती झाली असें म्हणूं नये. आमचा ट्रक भरल्या टाकीवर, रिकामा, सपाट रस्त्यावर फिरवून परत दिला होता. त्या स्थितींत तो पूर्वींही उत्तमच चालत असे.

बूस्टर दुरुस्त झाल्यावर मी त्या पहिल्या चालकाच्या घरीं गेलों. त्यानें चहा दिला. "मीं सांगितलें होतें, दादा," इतकेंच तो म्हणाला. तोंवर त्यास दुसऱ्याचा ट्रक मिळाला होता आणि तो परत आला नाहीं. त्यास यावेंसें वाटलें नाहीं यांत त्याचा दोष नाहीं. आतां आमच्या ट्रकांत एक वही दोऱ्यानें बांधून ठेविली आहे. सकाळचा हवेचा कांटा, कोणता गिअर केव्हां अडला, पेडल कसें लागलें, हें चालक तींत लिहितो, आणि दर रविवारीं आम्हां भावांपैकीं एकजण ती वाचून खालीं सही करतो. ज्यांच्या घरीं ट्रक आहे त्या शेतकरी बंधूंनीं अशी एक वही आजच बांधावी. गाडींत रोज बसणाऱ्या माणसास जें कळतें तें दुरुस्तीखान्यांत एका दिवसांत कळत नाहीं.